साष्टी : रोज पाहिलेले, तरी न दिसलेले बेट

(आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद अजून व्हायचा आहे. म्हणजे वक्त्याची वेळ सर्वांत कठीण! त्यात मी काही प्राध्यापक किंवा इतिहास संशोधक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला, रेल्वेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि रूळ, मोऱ्या, पूल यांत वीस वर्षे गेली. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "दर वर्षी कोणीतरी प्रवासवर्णन सांगतो. अंदमान झाले, लक्षद्वीप झाले. तुम्ही एखादे बेट सांगा." मी म्हटले, सांगतो. पण असे बेट सांगतो की जिथे आपण सगळे जाऊन आलो आहोत आणि कोणालाच ते बेट वाटले नाही.

आपली पुष्पक एक्सप्रेस संध्याकाळी लखनौहून निघते. दुसऱ्या दिवशी कल्याण येते, लोक बर्थखालून सामान ओढू लागतात. कळवा मागे पडते आणि गाडीचा आवाज बदलतो. खाली खाडी असते. तो पूल ओलांडला की ठाणे. त्या क्षणी आपण एका बेटावर पाऊल ठेवलेले असते. मग मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला. कुर्ला आणि शीव यांच्यामध्ये पुन्हा एक लहानसा पूल लागतो, खाली काळे पाणी. तिथे हे बेट संपते आणि मुंबईचे मूळ बेट सुरू होते. ज्यांची गाडी लोकमान्य टिळक टर्मिनसला जाते ते तर या बेटावरच उतरतात. ज्या लोकमान्यांनी गणपती चौकात आणला, त्यांच्या नावाचे स्टेशन बेटावर आहे आणि उतरणाऱ्याला त्याचा पत्ता नाही! या बेटाचे नाव साष्टी.

माझा जन्म या बेटावरचा, भांडुपगावातला. आमची आगरी जात, म्हणजे मीठ आणि भात पिकवणारी. तेव्हा आज मी थोडा भूगोल, थोडा इतिहास आणि बेटाच्या निसर्गसंपत्तीविषयी सांगणार आहे. आणि शेवटी माझी एक चूक सांगणार आहे, जी मी आजवर खात्याच्या कागदाखेरीज कुठे सांगितलेली नाही.

प्रथम भूगोल. लोणावळ्याच्या डोंगरात उल्हास नदी उगम पावते. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती ठाण्याजवळ येते. तिचा मोठा प्रवाह घोडबंदरला वळसा घालून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो आणि एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरतो. म्हणून उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी अशा चार पाण्यांच्या मध्ये साष्टी बसली आहे. आजची वांद्र्यापासून दहिसर, मिरा-भाईंदरपर्यंतची पश्चिम उपनगरे आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतची पूर्व उपनगरे, सगळी हिच्या अंगावर. तुर्भे, म्हणजे जिथे पुढे अणुसंशोधन केंद्र झाले, ते मूळ वेगळे बेट. मधली दलदल भरत भरत तेही हिलाच जोडले गेले.

बेटाच्या मधोमध डोंगर आहे. सर्वांत उंच माथा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर. आज तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात बिबटे राहतात हे जगात फार ठिकाणी दिसत नाही. या डोंगरातून चार लहान नद्या निघून पश्चिमेकडे जातात : दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी. पूर्वेच्या उतारावरून नाले ठाण्याच्या खाडीत येतात. यातली मोठी मिठी, तीही अठरा किलोमीटरच्या आतबाहेर. आपली गोमती पिलिभीत जिल्ह्यातल्या माधो टांड्याच्या तळ्यातून निघून शेकडो किलोमीटर रमतगमत येते. साष्टीच्या नद्यांना रमायला सवड नाही. पावसाच्या चार महिन्यांत तिथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पडते, लखनौच्या सबंध वर्षाच्या दुपटीहून अधिक. ते डोंगरावरून धावत येते, आणि खाली नेमकी भरती असेल तर समुद्र दार लावून बसलेला असतो. उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते. डोंगराचे पाणी वरून आणि समुद्राचे खालून, त्यांच्या मध्ये ही चिंचोळी सपाट पट्टी. साष्टीचा सगळा भूगोल एवढ्या एका वाक्यात आहे. बाकीचे विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

आता इतिहास. साष्टी हे नाव षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावे, यावरून आले असे मानतात. गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या नावाचीही हीच व्युत्पत्ती सांगतात. बेटाच्या मधल्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. इसवी सनाच्या आसपास खोदकाम सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे तिथे भिक्षूंची वस्ती होती. लोक मूर्ती पाहून परत येतात. माझ्या धंद्याच्या माणसाने तिथली पाण्याची टाकी पाहावीत. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात टाके खोदलेले आहे, आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून दगडात पन्हळी कोरल्या आहेत. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे. कोणी व्यापारी पोढी दान देतो आणि ते दगडावर लिहून ठेवतो. पाण्याची सोय करणे हे त्या काळी कोरून ठेवण्याइतके पुण्याचे काम होते.

पुढे ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी झाली, श्रीस्थानक या नावाने. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांना दिली. मुंबई त्यांनी पुढे इंग्रजांना आंदण दिली, पण साष्टी सोडली नाही. का? मुंबई तेव्हा ओसाड खडकांची, आणि साष्टीत भात, मीठ, मासळी, ताडमाड, लाकूड, दगड सगळे होते. पोर्तुगीजांचा दोनशे वर्षांचा अंमल चिमाजी अप्पांच्या मोहिमेने संपला. १७३७ मध्ये मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली. अंजूरच्या नाईकांसारख्या स्थानिक मंडळींची मदत या मोहिमेत मोठी होती. नंतर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र मिळाली नाही. इंग्रज व्यापारी होता. कुठल्या वस्तूला हात लावायचा हे त्याला बरोबर कळे.

ती वस्तू म्हणजे निसर्गसंपत्ती. चार गोष्टी सांगतो : दगड, पाणी, मीठ आणि तिवर.

आपल्या लखनौत दगड नाही. नवाबांनी एवढा प्रचंड इमामबाडा बांधला तो लाखौरी विटेत आणि चुन्यात, कारण खाली कितीही खणले तरी गाळाची माती. साष्टी याच्या अगदी उलट, सगळी ज्वालामुखीचा खडक. अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बेसॉल्टचा सुळका आहे, साठेक मीटर उंच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. असे आणखी किती सुळके खडी होऊन रस्त्यात गेले, देव जाणे. मालाड-कुर्ल्याचा पिवळसर दगड मुंबईच्या इमारतींना गेला. राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा आहे. म्हणजे मुंबईचा थाट आपण पाहतो, तो पुष्कळसा साष्टीच्या डोंगरांतून कापून नेलेला आहे.

पाण्याचेही तेच. मुंबई बेटाला प्यायला पाणी नव्हते. मिठी जिथून निघते तिथेच धरण बांधून विहार तलाव केला आणि १८६० मध्ये मुंबईला नळाचे पाणी मिळाले. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. नंतर पवईचाही झाला, पण त्याचे पाणी पिण्यालायक ठरले नाही. पुढे तानसा, वैतरणा, भातसा आले, पण पहिला तांब्या साष्टीने दिला.

तिसरी संपत्ती मीठ, आणि इथे मी थोडा जास्त थांबणार आहे. वहिनींनी प्रसादाचे ताट झाकून ठेवावे.

माझे आजोबा भांडुपच्या मिठागरावर होते. पाऊस संपून दसरा झाला की काम सुरू व्हायचे. पावसात फुटलेले मातीचे बांध पुन्हा घालायचे. वाफ्यांचा तळ माणसांनी रांगेत उभे राहून पायांनी तुडवायचा, फरशीसारखा घट्ट होईपर्यंत. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडी उघडायची. उघाडी म्हणजे बांधातले लाकडी फळीचे दार. खाडीचे पाणी आत मोठ्या तळ्यात घ्यायचे आणि फळी टाकायची. तिथून ते पाणी उन्हात आटत आटत एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागले की लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ओढायचे. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून ओळीने जायच्या. मे अखेरपर्यंत पांढरे ढीग उभे राहायचे. आजोबांच्या तळपायांची कातडी चामड्यासारखी झाली होती. लहानपणी मी त्यावर टिचक्या मारून पाहत असे.

याच मिठासाठी १९३० मध्ये साष्टीवर, विलेपार्ल्याला, सत्याग्रहाची छावणी होती. जमनालाल बजाज तिथे होते. पण आजोबांकडून मी शिकलो ते राजकारण नाही. पावसाळा जवळ आला की ते मिठागराचे बांध ठरावीक जागी मोकळे करत आणि उघाडीपाशी बसून राहत. ओहोटीला फळी उचलायची, डोंगराचे पाणी खाडीत जाऊ द्यायचे. भरती लागली की फळी टाकायची, खाडी आत येऊ द्यायची नाही. दिवसातून दोनदा, रात्री-बेरात्री सुद्धा. मी विचारले, "मीठ तर आता नाही, मग एवढे कशाला?" ते म्हणाले, "पान्याला वाट ठेव रं, नाय त घरान येल."

चौथी संपत्ती तिवर. पुस्तकात त्याला खारफुटी किंवा कांदळवन म्हणतात. खाडीकाठच्या चिखलात उभी राहणारी ही झाडे. मुळांनी गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात, त्यांच्या पायाशी कोळंबी, चिंबोरी, निवट्या वाढतात. लहानपणी आम्ही त्याला जळण समजत होतो.

आता माझ्या खात्याकडे येतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १४ डबे, तीन इंजिने, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर, सव्वा तास. हे शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. पण ही गाडी कुठून गेली ते पाहा. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली दलदल भराव घालून ओलांडली. मग कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत रूळ घातले ते बरोबर डोंगर आणि मिठागरे यांच्या मधून. पुष्पकमधून मुंबईकडे जाताना उजव्या हाताला लांबवर डोंगर दिसतो, डाव्या हाताला एकेकाळी पांढरी मिठागरे दिसत. याचा अर्थ असा की डोंगरावरून खाडीकडे जाणारा प्रत्येक नाला आमच्या रुळांखालून जातो. आमचा भराव म्हणजे बेटाच्या लांबीभर घातलेला एक बांध, आणि त्यातल्या मोऱ्या म्हणजे आजोबांच्या उघाड्या. त्या जुन्या इंजिनियरांनी पाण्याला वाट ठेवली. १ मे १८५४ ला ठाण्याच्या खाडीवरून गाडी कल्याणपर्यंत गेली. त्याआधी शीवचा आणि १८४५ मध्ये माहीमचा रस्ता बांधून झालाच होता. माहीमसाठी लेडी जमशेटजींनी दीड लाखाच्या वर रुपये दिले. पूल वाढत गेले आणि साष्टी बेट आहे हे लोक विसरत गेले. १९५० आणि १९५७ मध्ये तिचा मोठा भाग बृहन्मुंबईत गेला. उपनगर हे नाव मिळाले, आणि उपनगराला समुद्राची भीती कशाला वाटेल?

२६ जुलै २००५ ला समुद्राने आठवण करून दिली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. वरून डोंगराचे पाणी, खालून भरती, आणि मध्ये मिठी नदी, जिच्या पात्रात भराव, झोपड्या, कारखाने, वर विमानतळाची धावपट्टी. राज्यभरात हजाराच्या आसपास माणसे गेली. जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची होती. नंतर माधवराव चितळे यांच्या समितीने सगळ्याचा अभ्यास केला. भरतीच्या वेळी दारे मिटून पाणी उपसून टाकणारी पंपिंग स्टेशने झाली, त्यातले एक इर्ल्याला. मी ते पाहिले तेव्हा मला हसू आले आणि रडूही. आजोबा एका फळीने जे करत ते आता कोट्यवधींच्या पंपांनी करावे लागते.

त्या दिवशी माझे वडील कुर्ल्याच्या एका छापखान्यात होते. मी दुसऱ्या राज्यात नोकरीवर, फोन बंद. आई भांडुपला एकटी. वडील रात्रभर रुळांवरून चालत आले, अकरा-बारा किलोमीटर. छातीइतक्या पाण्यात पुढच्या अनोळखी माणसाचा खांदा धरून. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा आवाज फोनवर ऐकला तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर मटकन खाली बसलो.

एवढे झाल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा ना? आता माझी चूक सांगतो. त्यानंतर तीनच वर्षांनी माझ्याकडे एक सेक्शन होता. कुठला ते महत्त्वाचे नाही. पावसाळ्यापूर्वी सगळ्या मोऱ्या साफ करायच्या असतात. माणसे कमी, दिवस कमी. एक जुनी, तीन फुटी दगडी कमानीची मोरी होती. वरच्या बाजूला नाला दिसेना, कोणीतरी भिंत घातलेली, खालच्या बाजूला झुडपे. गँगचा मुकादम म्हणाला, "साहेब, ही सोडू नका, म्हाताऱ्यांनी उगाच बांधली नसेल." मी म्हटले, "इथे पाणीच येत नाही." आणि यादीत तिच्यापुढे 'ठीक' लिहिले. सही केली.

ऑगस्टमध्ये एका रात्री पाणी आले. भराव धरणासारखा उभा राहिला, पाणी वरच्या वस्तीत शिरले. पहाटे गिट्टी वाहून गेली, रूळ लोंबकळू लागले. गाडी वेळेत थांबली, ते मुकादमाच्या गस्तीमुळे, माझ्यामुळे नाही. कोणी दगावले नाही. पण एका म्हातारीला दाराच्या फळीवर झोपवून चौघे जण बाहेर काढत होते ते मी टॉर्चच्या उजेडात पाहिले. मला एकदम आजोबांची फळी आठवली. जे वाक्य मी दहा वर्षांचा असताना ऐकले होते, ते डिप्लोमाच्या चार पुस्तकांखाली गाडले गेले होते. चौकशीत मी लिहून दिले की मोरी मी पाहिली होती आणि चुकीचे लिहिले. त्याची शिक्षा झाली, ती योग्य होती. तेव्हापासून 'ठीक' हा शब्द मी मोरीत वाकून पलीकडचा उजेड दिसल्याशिवाय लिहीत नाही.

साष्टीचे पुढे काय? काही चांगले झाले आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तिवरांना संरक्षण मिळाले. २०१५ मध्ये ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. हिवाळ्यात खाडीचा चिखल गुलाबी दिसतो. दुसरीकडे मिठागरे बहुतेक बंद पडली. कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागर जमीन घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. लोकांना घरे हवीत, हे मी नाकारत नाही. मी स्वतः दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो. माझे म्हणणे एवढेच, की रिकामे दिसणारे मिठागर रिकामे नसते. डोंगराचे पाणी भरती ओसरेपर्यंत जिथे थांबते, ती त्याची ओसरी आहे. तिथे घर बांधणाऱ्याने आधी सांगावे, पाण्याने आता कुठे थांबायचे?

हे लखनौत का सांगतो? कारण इथेही कुकरैल आहे. ती गोमतीची उपनदी. माझ्या शेजारच्या मुलांना मात्र ती नाला म्हणूनच माहीत आहे. मिठीचेही असेच झाले होते. नदीला नाला म्हणायला लागलो की समजावे, आपण यादीत 'ठीक' लिहायला सुरुवात केली.

बालमित्रांनो, पुढच्या सुट्टीत पुष्पकने जाल तेव्हा कळवा गेल्यावर खिडकीपाशी बसा. पुलाचा आवाज आला की आईबाबांना सांगा, "आपण बेटावर आलो." आणि मुलुंड-भांडुपच्या मध्ये रुळाखालून एखादी मोरी जाताना दिसली, तर तिला माझा नमस्कार सांगा.

 आता प्रसादाच्या वाटेत मी उभा राहत नाही.

गणपती बाप्पा मोरया!